मामांचे वजन आणि मोटारीचे पाटे

माझी जुनी मोटार रिकामी उभी असली तरी मागे चौघे बसल्यासारखी दिसू लागली, तेव्हा मी आधी शॉकअप बदलून पाहिले. नवे शॉकअप मोटारीचे डोलणे आवरत होते, पण तिला उचलून धरत नव्हते. ते काम पाट्यांचे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचे, हे ज्ञान मला पैसे गेल्यावर झाले.

‘मागचे पाटे द्या’ म्हटले की पाटे मिळतात, हाही माझा भाबडा समजच ठरला. मुख्य पाट्याच्या दोन टोकांना वळवलेल्या गोल कड्यांमधले अंतर किती, पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट बरोबर मध्यावर आहे की पुढे सरकलेला, पाटे किती आणि त्यांची जाडी किती, अशी उलटतपासणी विक्रेत्याने सुरू केली. जाडी ‘सहा मिलिमीटर, फार तर सात’ असे मी सांगताच तो क्षणभर गप्प झाला. पाट्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ६ चे ७ झाले की तो दीडपटीहूनही अधिक होतो. माझ्या त्या ‘फार तर’पायी मोटारीचा मालट्रक व्हायचा होता.

शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड होता: मागे सहसा किती वजन बसते? आमच्याकडे मागे सहसा मामा बसतात.

“बहात्तर किलो,” मामा म्हणाले. उत्तर इतक्या तत्परतेने आले की मला शंका आली.

पाटे थकले की त्यांची कमान उतरते, पण ताठपणा फारसा कमी होत नाही. म्हणून मॅन्युअलमधला आकडा अजून चालणार होता: एका बाजूचा पाट्यांचा जोड दर दोन किलोंना एक मिलिमीटर दबतो, म्हणजे दोन्ही बाजूंचे मिळून मिलिमीटरला चार किलो. मी मोटार दोन-तीनदा दाबून सोडली (पाटे एकमेकांवर घासून अडतात, तेवढी अढी मोडावी लागते), आणि चाकाच्या मध्यापासून त्याच्यावरच्या पत्र्याच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले, म्हणजे टायरमधली हवा हिशेबात येत नाही. मग मामांना आदरपूर्वक मागच्या आसनाच्या मधोमध बसवले. मोटारीने एक दीर्घ निःश्वास सोडला. दोन्ही बाजूंना फरक भरला बावीस मिलिमीटर.

“म्हणजे अठ्ठ्याऐंशी,” मी हळूच म्हणालो.

“तुझी मोटार म्हातारी झाली आहे,” मामा म्हणाले.

आसन मागच्या आसाच्या थोडे पुढे असल्याने काही भार पुढच्या चाकांवरही गेला असणार, म्हणजे खरा आकडा आणखी वर, हे मी बोललो नाही. भाच्याने कुठे थांबावे, हे कोणत्याही मॅन्युअलात लिहिलेले नसते.

जादा पाटा घालण्याचा किंवा ताठ पाटे घेण्याचा मोह टाळून मी मूळ मापाचेच पाटे मागवले. मामा रोज बसत नाहीत, आणि रिकामी मोटार प्रत्येक खड्ड्यावर उडवत नेण्यापेक्षा मामा असताना थोडी वाकलेली बरी. पाटे आसाला आवळणारे नवे यू-बोल्ट घातले आणि टोकांच्या कड्यांमधल्या रबरी बुशांचे बोल्ट चाके जमिनीवर टेकून मोटारीचा भार पाट्यांवर आल्यावरच आवळले, नाहीतर रबर कायम पिळलेले राहते.

मोटार आता मागून ताठ उभी राहते. मामा मात्र हल्ली पुढेच बसतात, आणि बसण्यापूर्वी माझ्या हातात मापपट्टी नाही ना, हे पाहून घेतात.