‘भूमिती श्रेणीने’ म्हणजे ‘झपाट्याने’ नव्हे

एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे: “भूमिती श्रेणीने वाढणे म्हणजे अतिशय वेगाने वाढणे. जगाची लोकसंख्या आजही तशीच वाढते आहे. काहीही दुप्पट झाले की हा शब्द खुशाल वापरा, भाषा बदलतच असते.” यातले पहिले तीन दावे चुकीचे आहेत आणि चौथा अर्धवट.

आधी वेग. भूमिती श्रेणीत प्रत्येक संख्या आधीच्या संख्येच्या ठरावीक पटीत असते. ती पट मोठी की लहान, हे शब्द सांगतच नाही. १०० मध्ये दर टप्प्याला एक टक्का भर घाला: १००, १०१, १०२.०१. ही भूमिती श्रेणी. आता १०० मध्ये दर वेळी सरळ ५० मिळवत जा. ही गणिती श्रेणी. पहिलीला दुसरीच्या पुढे जायला ५६० हून जास्त टप्पे लागतात. शेवटी ती पुढे जातेच, पण तोवर तिला झपाट्याची कोण म्हणेल?

लोकसंख्येचा दाखला इंग्रज अर्थतज्ज्ञ माल्थसपासूनचा, १७९८ सालचा. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने जग १९८७ मध्ये ५०० कोटींवर पोचले, १९९९ मध्ये ६००, २०११ मध्ये ७०० आणि २०२२ मध्ये ८०० कोटींवर. म्हणजे दर अकरा-बारा वर्षांनी तेवढीच १०० कोटींची भर. ही तर जवळजवळ गणिती श्रेणी झाली!

दुप्पट झाले म्हणून? २० चे ४० झाले, तर पुढचा आकडा ६० असेल की ८०? तिसरा आकडा हाती आल्याशिवाय काहीच म्हणता येत नाही. १, ४, ९, १६ हे वर्गही भूमिती श्रेणीत नसतात. पट आधी चार, मग सव्वादोन.

भाषा बदलते, मान्य. पण झपाट्याने, भराभर, वाऱ्याच्या वेगाने हे शब्द आपल्याकडे आहेतच. साथीच्या सुरुवातीला रुग्ण १०, २०, ४० असे वाढतात, तेव्हा ‘झपाट्याने’ म्हणायला कुणी धजत नाही. असेच दहा वेळा दुप्पट झाले की १०,२४० होतात. ते आधीच ओळखायला ‘भूमिती श्रेणीने’ हाच शब्द लागतो, म्हणून तो बोथट होताना पाहवत नाही.

शिवाय तो घटीलाही लागतो. कार्बन-१४ हा कार्बनचा किरणोत्सारी प्रकार दर ५,७३० वर्षांनी निम्मा उरतो, म्हणजे भूमिती श्रेणीने घटतो. तिथे ‘झपाट्याने’ घालून वाक्य वाचून पाहा.