धबधब्यासाठी वाट वाकडी करण्यापूर्वी

भुसावळला गाडी पकडून काशीला निघालेल्या खानदेशी कुटुंबापुढे इटारसी मागे पडली की एक प्रश्न हमखास उभा राहतो. जबलपूर जवळ येत असते, भरीत-पुरीचा डबा संपत आलेला असतो, आणि वरच्या बाकावरून कोणीतरी विचारते, की एवढे आलोच आहोत तर भेडाघाटचा धुवाँधार धबधबा पाहून जायचा का? मुंबईकडून आणि हावड्याकडून आलेले लोहमार्ग १८७० साली जबलपुरात जोडले गेले, तेव्हापासून हा प्रश्न या मार्गावर चर्चिला जात असावा. तो नाजूक आहे. तुमच्यासारख्या विचारी माणसाने तो भावनेच्या भरात सोडवू नये, म्हणून काही अनुभवसिद्ध सूचना येथे देत आहे.

सल्ला घेताना एक पथ्य पाळावे. जो धुवाँधार पाहून आला आहे त्याला विचारू नये, कारण त्याचे मत अगोदरच भिजलेले असते. त्याऐवजी रेल्वेतून निवृत्त झालेले एखादे नाना गाठावेत. भुसावळात असे नाना गल्लोगल्ली भेटतात. त्यांची उभी हयात याच मार्गावर गेलेली असते, जबलपूरच्या फलाटावरचा चहा आणि तेथील डास त्यांना तोंडपाठ असतात, आणि स्टेशनाच्या बाहेर ते एकदाही पडलेले नसतात. एवढ्या तटस्थ माणसाचे मत मिळणे हे भाग्यच होय. ते पानाची पिंक टाकून सांगतात, "पानी वरतून खाले पडस, दुसरं काय शे तठे?" भौतिकशास्त्राच्या दृष्टीने या विधानात चूक काढता येत नाही, आणि ज्या विधानात चूक काढता येत नाही त्यावर कुटुंबाचा कार्यक्रम ठरवण्याची आपल्याकडे पूर्वापार पद्धत आहे.

एवढ्याने समाधान झाले नाही तर वही काढून हिशेब मांडावा. जबलपूरपासून भेडाघाट पंचवीसेक किलोमीटर आहे. रिक्षाचे जाण्या-येण्याचे भाडे, सामान ठेवण्याचा खर्च, मुलांची कणसे आणि वाया गेलेला दिवस यांची बेरीज करावी, आणि तिला धबधब्याच्या उंचीने भागावे, म्हणजे दर फुटामागे काय पडले ते कळते. छापील माहितीत धुवाँधारची उंची सुमारे ३० मीटर दिलेली असते. कर्नाटकातील जोगचा धबधबा २५३ मीटरांचा, म्हणजे ८३० फुटांचा आहे. त्यामुळे भागाकारात जोग कितीतरी स्वस्त पडतो आणि धुवाँधारचा निकाल तेथेच लागतो. शरावती नदीवर जोगच्या वरच्या अंगाला १९६४ साली लिंगनमक्कीचे धरण झाले, तिचे पाणी विजेसाठी वळवले गेले, आणि पावसाळ्याचे दिवस सोडल्यास तेथे बहुतेक वेळा ८३० फुटांचा कडा आणि त्यावर चिकटलेल्या चार पांढऱ्या रेघा तेवढ्या दिसतात, असा आक्षेप एखादा आगाऊ भाचा घेईल. त्याला गप्प बसवावे. आपण उंचीचा दर काढत आहोत, पाण्याचा नव्हे.

पाण्याचा दर काढू लागले की हिशेब बिघडतो. धुवाँधारला अख्खी नर्मदा पडते. अमरकंटकहून निघालेली, तेथवर ऐसपैस पसरून आलेली नदी खडकांमध्ये अचानक अंग चोरते आणि एकदम खाली झोकून देते. तिच्यापैकी मोजता येण्याजोगा भाग ३० मीटर खाली जातो, आणि उरलेला तुषारांच्या रूपाने पुन्हा वर येऊन तुमच्या चष्म्यावर बसतो. हा वर आलेला भाग जमेला धरावा की खर्ची टाकावा, हे तुमच्या सनदी लेखापालालाही सांगता येणार नाही. त्यामुळे या फंदात न पडलेलेच बरे.

ऋतूची निवड मात्र काळजीपूर्वक करावी, आणि ती आपल्या खानदेशी अनुभवावरूनच करावी. यावलजवळच्या मनुदेवीचा धबधबा, चाळीसगावजवळ पाटणादेवीच्या रानातले केदारकुंड किंवा अजिंठ्याच्या लेण्यांच्या टोकाशी वाघूर नदीने घेतलेल्या उड्या, हे सगळे पावसाळ्यात जिवंत होतात आणि उन्हाळा लागेपर्यंत त्यांचा ओला डाग तेवढा खडकावर उरतो. बेसाल्टचे थर, वर बेताचे पठार आणि त्यावर बेताचाच पाऊस, असा आपला संसार असल्याने धबधबा म्हटला की श्रावण, हे समीकरण आपल्या मनात पक्के झालेले आहे. तेच समीकरण नर्मदेला लावावे आणि ऐन पुरात भेडाघाट गाठावे. तेथे पोहोचल्यावर तुम्हाला असे दिसेल की धबधबा नाहीच. पुराचे पाणी खालच्या अरुंद घळीतून निघून जाऊ शकत नाही, ते तुंबत तुंबत वरच्या पाण्याच्या पातळीला येऊन भिडते, आणि ज्या पायरीवरून नदी उडी मारते ती पायरीच बुडून जाते. वरच्या बरगी धरणाचे दरवाजे उघडले की असे वरचेवर घडते. तुमच्यासमोर गढूळ, रुंद, गरगरणारे पाणी तेवढे वाहत असते आणि नौकाविहारही बंद असतो. फसवणूक झाल्याची तक्रार करण्यास याहून उत्तम मुहूर्त नाही. पाऊस सरल्यानंतर, कोजागिरीच्या सुमारास किंवा हिवाळ्यात, पाणी निवळलेले असते आणि धबधबा पुरेपूर असतो. त्या दिवसांत गेल्यास तक्रारीला जागा उरत नाही, हा धोका लक्षात ठेवावा. मे महिन्यात, जळगाव-भुसावळला पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकतो त्या दिवसांतही तेथे पाणी पडत असते. ही गोष्ट घरातील मुलांच्या कानावर शक्यतो जाऊ देऊ नये.

रेल्वेचा एक नियमही असाच झाकून ठेवण्यासारखा आहे. पाचशे किलोमीटरहून लांबच्या तिकिटावर वाटेत उतरून प्रवास खंडित करण्याची मुभा असते, आणि भुसावळहून निघाल्यास जबलपूर नेमके पाचशेच्या पुढे पडते. ही माहिती फुटली तर "उतरता येत नाही" हे आपले सर्वांत भक्कम कारण निकामी होते. त्यापेक्षा जबलपूर येण्यापूर्वी डब्यातले दिवे मालवून सर्वांना झोपवावे. काशीहून परतताना पाहू, असे म्हणावे, आणि परतताना सर्वजण थकले आहेत, असे म्हणावे.

एवढी खबरदारी घेऊनही एखाद्या कुटुंबाला उतरावे लागतेच. बहुधा घरातील अक्का हट्ट धरतात. नर्मदामाईचे नुसते दर्शन झाले तरी पुण्य लागते, असे त्यांनी लहानपणी ऐकलेले असते, आणि पुण्याचा विषय निघाला की हिशेबाची वही चालत नाही. अशा वेळी हाती असलेल्या दोन तासांची वाटणी नीट करावी. धबधब्याकडे जाणाऱ्या वाटेवर दोन्ही बाजूंनी दगडी वस्तूंची दुकाने आहेत. शिवलिंगे, नंदी, कुंकवाच्या डब्या, हत्ती, नावे कोरून देण्याचे फलक. तेथे किमान तासभर घासाघीस करावी. जिभाऊ जळगावच्या बाजारात भेंडीचा भाव पाडतात त्याच चिकाटीने त्यांनी येथे नंदीचा भाव पाडावा, विकत न घेता पुढे जावे, दुकानदाराने मागून हाक मारेपर्यंत मागे वळू नये, आणि हाक आली नाही तर जिन्नसच खोटा होता असे जाहीर करावे. धबधब्याचा आवाज या दुकानांपर्यंत येत असतो. त्याने भाव ऐकू येत नाही, एवढीच त्याची अडचण आहे.

कठड्याशी पोहोचल्यावर ताबडतोब पाण्याकडे पाठ करावी. पाठ केल्याखेरीज फोटो येत नाही आणि फोटोखेरीज गेल्याचा पुरावा राहत नाही. कठड्याचा लोखंडी दांडा सदैव ओला असतो, त्याला हात लावताच गारवा कोपरापर्यंत चढतो, आणि मोबाईलच्या काचेवर तुषारांची इतकी बारीक साय धरते की बोटाने पुसली तरी पुन्हा जमते. त्यामुळे पहिले सात-आठ फोटो धुरकट येतात आणि सगळ्यांना पुन्हा ओळीने उभे करावे लागते. या खटाटोपात ऊन तिरपे झाले आणि तुषारांत इंद्रधनुष्य उमटले तर ते नेमके तुमच्या पाठीमागे असेल, म्हणजे फोटोत येईल आणि डोळ्यांना त्रास होणार नाही. हातात कणीस असल्यास उत्तम. माणूस कणीस खाताना दुसरीकडे पाहू शकत नाही.

अक्कांकडे मात्र लक्ष ठेवावे. त्या फोटोत उभ्या राहत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत, पदर भिजला तरी मागे सरकत नाहीत, आणि "चला" म्हटल्यावर "जरा थांब रे" म्हणतात. अशा थांबण्याने पुढचे सगळे वेळापत्रक कोसळते. त्यांना सांगावे की नदी सगळीकडे सारखीच असते आणि रिक्षावाला खोळंबला आहे.

त्यांना हलवण्याचा हमखास उपाय म्हणजे पंचवटी घाटावरची नाव. संगमरवरी कड्यांमधून नावाडी तुम्हाला फिरवून आणतात आणि वाटभर यमके जुळवून विनोदी समालोचन करतात. दोन्ही कडे जेथे अगदी जवळ येतात त्या जागेला ते बंदरकूदनी म्हणतात, म्हणजे पूर्वी तेथून माकड या काठावरून त्या काठावर उडी मारी. प्रत्येक कड्यात त्यांना कोणता ना कोणता आकार दिसतो आणि तो तुम्हालाही दिसला पाहिजे, असा त्यांचा आग्रह असतो. आपल्याकडचा दगड काळा. हा पांढरा, पिवळसर, गुलाबी, मध्येच निळसर. काळ्या दगडात ज्यांचा जन्म गेला त्यांना क्षणभर भोवळ आल्यासारखे होते. ती भोवळ उन्हामुळे आली असे समजावे. चौसष्ट योगिनींचे दहाव्या शतकातले कलचुरींचे देऊळ टेकडीवर आहे, त्याला पायऱ्या पुष्कळ आहेत. पायऱ्या खालूनच मोजून परतावे.

आता कोणी असा मुद्दा काढील की परमुलखातला धबधबा राहू द्या, आपल्या उशाशी असलेला तरी पाहिला आहे काय? जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटरवर आहे. वाघूर नदीच्या नालाकृती वळणात इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकापासून भिक्खूंनी लेणी कोरली, आणि वर्षावासाचे महिने तेथे काढले. म्हणजे नेमका धबधबा चालू असण्याच्या दिवसांत ते तेथे राहत. नोकरी-धंदा नसलेल्या माणसांना अशी चैन परवडते. आपण त्यांचा कित्ता गिरवू नये. पाहुणे आले तर त्यांना सोमवारी अजिंठ्याला न्यावे. सोमवारी लेणी बंद असतात, त्यामुळे फर्दापूरहूनच परतता येते आणि वाटेत एखाद्या ढाब्यावर शेवभाजी होते. शिवाय हीच वाघूर पुढे धरणात अडवलेली असून तिचे पाणी जळगाव शहराच्या नळांना येते. जो धबधबा स्वतः नळाच्या दिवशी तुमच्या मोरीतल्या पिंपात येऊन पडतो, त्याच्यासाठी साठ किलोमीटर जाणे हा व्यवहार कोणत्याच वहीत बसत नाही.

नर्मदेलाही हाच न्याय लावता येईल. धुवाँधारला पडलेले पाणी पुढे नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी आणि अक्कलकुव्याच्या उत्तर सीमेवरून जाते. म्हणजे खानदेशाच्या दारात ती आपण होऊन येते. तेथे आता सरदार सरोवराचा फुगवटा आहे, त्यामुळे उडी नाही, आवाज नाही, तुषार नाहीत आणि मोबाईल कोरडा राहतो. त्याच खोऱ्यातून, शूलपाणीच्या झाडीतून, परिक्रमावासी शेकडो वर्षे चालत आले आहेत. एकेका धबधब्यासाठी वाट वाकडी करावी काय, असा प्रश्न त्यांना पडत नाही, कारण नदी उजव्या हाताला ठेवून अमरकंटकपासून समुद्रापर्यंत आणि पुन्हा परत, असा त्यांचा सगळा मार्गच वाकडा असतो. अशा माणसांना प्रवासाचा सल्ला विचारणे टाळावे. ते उत्तर देत नाहीत, "नर्मदे हर" म्हणतात आणि तुमच्या घरी जेवून पुढे निघतात.

राहता राहिला परतल्यानंतरचा अभिप्राय. लग्नाच्या पंगतीत कोणी विचारलेच तर "ठीक आहे, एकदा पाहण्यासारखा आहे" एवढेच म्हणावे. हे वाक्य ताजमहालापासून तालुक्याच्या नव्या बसस्थानकापर्यंत कशालाही लागू पडते आणि धबधबा न पाहिलेल्यालाही ते सारख्याच अधिकाराने म्हणता येते. समोरच्याने स्वतः काढलेला इंद्रधनुष्याचा फोटो दाखवला तर तो संगणकावर रंगवलेला आहे अशी शंका घ्यावी, आणि तो उत्तर देण्यासाठी तोंड उघडण्यापूर्वी त्याला विचारावे, की ते सगळे राहू द्या, दगडी नंदी कितीला पडला?