आधी मीटर लावा, मग कंट्रोलरला नावं ठेवा!

पेडल जरा दाबलं, बॅटरीवरच्या गोल्फ कार्टने हिसका दिला, की निदान तयार: "कंट्रोलर (मोटरला किती वीज द्यायची ते ठरवणारा डबा) गेला!" अहो, तपासलंत काय? नवा महागडा कंट्रोलर बसतो आणि गाडी तशीच उसळत राहते. मग म्हणे मोटर बदला!

पेडलला जोडलेला पॉट (पोटेन्शिओमीटर, म्हणजे पेडल दाबलं की ज्याचा विद्युत रोध बदलतो तो भाग) तपासायला एवढा कसला कंटाळा? मागची चाकं उचलून स्टँडवर घ्या, स्विच 'टो'वर (गाडी ओढून नेण्याच्या स्थितीत) ठेवा, बॅटरीची मुख्य निगेटिव्ह वायर काढा. पॉटचा कनेक्टर सोडवून मल्टिमीटर ओहमवर लावा आणि पेडल अगदी सावकाश दाबा. ०-५ किलोओहमचा पॉट असेल तर आकडा शून्याजवळून ५,००० च्या आसपास सलग चढला पाहिजे. मध्येच उडी मारली किंवा क्षणभर सर्किट तुटलेलं दिसलं, की आतली पट्टी झिजली. त्यावर क्लीनर कितीही फवारा, झिजलेला कार्बन परत येणार आहे का? पॉट बदला!

पॉट ठीक असेल तर बॅटरीचे टर्मिनल बघा. नट सैल, वर गंज, आणि वेग घेताना व्होल्टेज कोसळतंय. त्यात कंट्रोलरचा काय दोष? मोटरवर स्पीड सेन्सर असेल तर त्याचं मॅग्नेट तडकलंय का तेही पाहा. कंट्रोलरचा नंबर सगळ्यात शेवटी!