‘हँड ले-अपचे दिवस संपले’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुम्ही कळकळीने लिहिलंय, त्यामुळे दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही. फायबरच्या होड्यांसाठी हँड ले-अप, म्हणजे साच्यात काचेचं कापड अंथरून त्यावर हाताने रेझिन (जमून कडक होणारा चिकट द्रव) लावण्याची पद्धत, आजही योग्य आहे, असं मी लेखात म्हटलं होतं. तुमचं म्हणणं असं की ब्रश-बादलीची ही पद्धत जगाने सोडली. व्हॅक्यूम इन्फ्युजन, पल्ट्रूजन, फिलामेंट वाइंडिंग हाताशी असताना मी गोव्यातल्या होड्या बांधणाऱ्या शेडांची भलामण करतो. आणि तुमच्या काकांच्या, दक्षिण गोव्यातल्या बेतुलच्या होडीला सहा वर्षांत तळाला फोड आले ते याच पद्धतीमुळे.

पल्ट्रूजन आणि वाइंडिंग आधी बाजूला ठेवू. पल्ट्रूजनमध्ये रेझिनमध्ये भिजलेले धागे तापलेल्या डायमधून सलग ओढतात. त्यातून ग्रेटिंगच्या पट्ट्या, शिडीचे पाय अशा एकाच छेदाच्या वस्तू निघतात. वाइंडिंगमध्ये धागा फिरत्या साच्यावर गुंडाळतात, म्हणजे पाईप आणि टाक्या. होडीचा आकार जागोजागी बदलतो, ती या दोन्हींत बसत नाही.

इन्फ्युजनचं तसं नाही, तिथे तुमच्या म्हणण्यात वजन आहे. कोरडं कापड साच्यात अंथरायचं, वर प्लॅस्टिकची पिशवी सील करायची, पंपाने हवा काढायची आणि त्या ओढीने रेझिन आत घ्यायचं. वजनाने ६० ते ७० टक्के काच मिळते. नुसत्या मॅटच्या (काचेच्या तुटक धाग्यांच्या चादरीच्या) हँड ले-अपमध्ये ती ३०च्या आसपास राहते. शिवाय रेझिनमधल्या स्टायरीनची घातक वाफ बरीचशी पिशवीतच राहते, काम करणाऱ्या पोरांच्या छातीत जात नाही. माझ्या लेखी इन्फ्युजनचा सगळ्यात मोठा फायदा हाच, आणि जिथे परवडेल तिथे ती करावीच.

पण वाळूवर ओढल्या जाणाऱ्या लहान होडीचा विचार करा. तितक्याच काचेत इन्फ्युजनचा थर पातळ होतो, आणि अशा थराचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे मध्ये फोमचा गाभा घाला, नाहीतर आतून जादा फासळ्या बसवा. गाभा घातला की वरची कातडी आणखी पातळ, आणि ती दगडावर घासली की पाणी थेट गाभ्यात. शिवाय पिशवी, जाळी, नळ्या प्रत्येक वेळी फेकायच्या, आणि सील एका जागी गळलं तर अख्खा तळ बिघडतो. मॅट आणि रोव्हिंग (जाड धाग्यांचं विणलेलं काचेचं कापड) यांचा साधा जाड तळ इथे जास्त टिकतो, असं माझं मत कायम आहे.

आता फोड. पाणी जेलकोटमधून (होडीच्या बाहेरच्या गुळगुळीत रेझिनच्या थरातून) हळूहळू आत झिरपतं. आत न जमलेलं रेझिन किंवा मॅटच्या बाइंडरचा (धागे एकत्र धरणाऱ्या चिकट पदार्थाचा) अंश असेल तर तो त्यात विरघळतो, त्या द्रावणाकडे आणखी पाणी ओढलं जातं, दाब वाढतो आणि जेलकोट उचलतो. फोड फोडून पाहिलात तर आतल्या पाण्याला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. कारणं ठरलेली आहेत: स्वस्त ऑर्थो जातीचं रेझिन, अर्ध्या मिलिमीटरहून बराच पातळ जेलकोट, त्यामागे राहिलेली हवा, अर्धवट क्युअर (रेझिन पूर्ण न जमणं). हेच ऑर्थो रेझिन आणि हाच जेलकोट इन्फ्युजनच्या होडीला लावा, तिलाही फोड येतील. जेलकोटमागचा पहिला थर पावडर बाइंडरच्या मॅटचा आणि आयसो किंवा व्हिनिल एस्टर या पाण्याला जास्त टिकणाऱ्या रेझिनचा घेतला, तर हाताने केलेला तळही वर्षानुवर्षं साफ राहतो.

मला खरी काळजी आहे ती मोसमाची. १ जून ते ३१ जुलै गोव्यात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या वर काढल्या जातात आणि सगळी डागडुजी याच दोन महिन्यांत होते. नेमकी तेव्हाच हवा ओलीचिंब असते. ताडपत्रीखाली उघडी पडलेली मॅट दमट होते, आणि दमट काचेला रेझिन धरत नाही. रोलर फिरवताना मॅटचा पांढरेपणा जाऊन ती काचेसारखी पारदर्शक व्हायला हवी. पांढरे ठिपके राहिले तर तिथे हवा आहे किंवा धागा भिजलेला नाही. पावसात जमायला वेळ लागतो म्हणून कारागीर हार्डनर (रेझिन जमवणारं रसायन) झाकणाने अंदाजे ओततो, आणि तिथेच घात होतो. किलोभर रेझिनला १० ते २० ग्रॅम पुरे. जादा ओतलेलं हार्डनर पदार्थाला बळ देत नाही, उलट आतच राहून त्याला कमकुवत करतं. मॅटची गुंडाळी बंद खोलीत बल्ब लावून कोरडी ठेवणं आणि डिजिटल वजनकाटा वापरणं, या दोन गोष्टींचा खर्च व्हॅक्यूम पंपाच्या जवळपासही जात नाही. कोबाल्ट (जमण्याचा वेग वाढवणारं रसायन) आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीच मिसळायचं नाही, स्फोट होतो, हे नव्या पोराला पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

गोव्यातल्या शेडांबद्दलचा तुमचा शब्द मात्र मला लागला. गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेली नौदलाची शिडाची नौका ‘म्हादई’ लाकूड आणि ग्लास फायबरची आहे. तिच्यातूनच दिलीप दोंदे २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये, तेही न थांबता, एकट्याने जगाची फेरी करून आले.

काकांच्या होडीचा निकाल लावायचा असेल तर तळाला भोक पाडताना निघालेली चकती फेकू नका. ती नीट वाळवून वजन करा आणि पॉलिटेक्निकच्या भट्टीत साधारण ५६५ अंश सेल्सियसवर रेझिन पूर्ण जाळून घ्या. मागे काच उरते आणि तिचे थर सुटे होतात: मॅट किती, रोव्हिंग किती, हे मोजता येतं. पुन्हा वजन करून काचेची टक्केवारी काढा आणि इथे लिहा. २५च्या खाली निघाली तर रेझिन ओतून काम उरकलंय. ३५च्या पुढे निघाली तर आपण जेलकोटकडे आणि रेझिनच्या ग्रेडकडे बघू.