मुंबई–दुबई दीड-पावणेदोन तासांत? खुलासा

‘मुंबईहून दुबई पावणेदोन तासांत, परतीला मात्र सव्वाचार तास’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. सोबत पुरावा म्हणून तिकिटाचा फोटो: मुंबईहून दुपारी ४ ला सुटणार, दुबईला ५.४५ ला पोहोचणार.

फोटो खोटा असेलच असं नाही, पण त्यातून काढलेला हिशेब साफ चुकीचा आहे. तिकिटावर दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाप्रमाणे छापतात आणि दुबईचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं. विमान उतरतं तेव्हा मुंबईत सव्वासात झालेले असतात. म्हणजे प्रवास सव्वातीन तासांचा. परतीच्या सव्वाचार तासांतून तोच दीड तास वजा करा, उरतात पावणेतीन.

तरीही अर्ध्या तासाचा फरक राहतोच, आणि तो खरा आहे. उंचावरचे वारे बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, हिवाळ्यात जास्तच जोरात. जाताना ते समोरून येतात, येताना पाठीवर. शिवाय छापलेल्या वेळेत धावपट्टीपर्यंत रांगेत सरकत जाणंही धरलेलं असतं. मुंबईत ते किती रेंगाळतं हे वेगळं सांगायला नको.

अंतराचं म्हणाल तर हवाई मार्गानं सुमारे १,९०० ते १,९५० किलोमीटर. मुंबई–दिल्ली जेमतेम साडेअकराशे, आणि त्यालाच दोन तास लागतात! तिकिटावर ‘ड्युरेशन’ असा रकाना बहुधा असतो, तेवढा बघून मग मेसेज पुढे ढकला.