न चढलेला प्रवासी कुठल्या वहीत लिहिता?

सध्या एक मजकूर जिकडेतिकडे फिरतो आहे. थोडक्यात असा: रेल्वे हा तज्ज्ञांचा विषय, लोकांना विचारून गाड्या धावत नाहीत. विचारलंत तर प्रत्येक गाव आपल्या दारात थांबा मागेल. तोट्यातल्या शाखा मार्गावर बस सोडा, स्वस्तात काम होतं. लोकसहभाग म्हणजे फलाटावर कुंड्या ठेवणं. आणि मार्ग बंद करू नका म्हणणारे हे लोक मोर्च्याला येतात, गाडीत बसत नाहीत.

पाच वाक्यं, पाचही ठसक्यात. त्यातलं चौथं अर्धं खरं आहे आणि पाचवं बरंचसं खरं. म्हणूनच उत्तर द्यावंसं वाटलं. निव्वळ थापेला कोण एवढं लिहीत बसतो!

तज्ज्ञांपासून सुरू करू. सिग्नल कुठे असावा, पूल किती भार पेलेल, ब्रेक किती अंतरात लागावा, यावर गावसभेत हात वर करून निर्णय घ्या असं कुणीही म्हणत नाही. पण गाडी किती वाजता सुटावी, हा प्रश्न वेगळ्या जातीचा आहे. तिथे तज्ज्ञाच्या हाती असतो तो विकलेल्या तिकिटांचा आकडा, आणि तिकीट काढतो तो चढलेला प्रवासी. शेवटची गाडी सुटल्यावर दहा मिनिटांनी ज्याची पाळी संपते, तो कामगार या आकड्यात नाही. फलाटाच्या पायऱ्या चढवत नाहीत म्हणून घरी राहणारी आजी नाही. स्टेशनवर उतरल्यावर पुढची बस आत्ताच गेलेली असते, म्हणून मोटरसायकल घेतलेला मुलगाही नाही. न चढलेल्या माणसाची नोंद कुठल्याच वहीत नसते. ती असते शेजाऱ्यांना, शाळेतल्या बाईंना, कारखान्याच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याला.

शिवाय आकडे नेहमी निर्विकार असतात, हेही खरं नाही. इंग्लंडमधला सेटल ते कार्लाइल हा मार्ग १९८०च्या दशकात बंद करायचं ब्रिटिश रेल या तिथल्या सरकारी रेल्वेने ठरवलं. मोठं कारण होतं रिबलहेडचा २४ कमानींचा पूल, त्याच्या दुरुस्तीचा खर्च म्हणे परवडणारा नव्हता. लोकांनी हरकती नोंदवल्या, २२ हजारांच्या आसपास. (त्यातली एक पंजाचा ठसा उमटवून एका कुत्र्याने नोंदवली. भाडं भरणारा प्रवासी म्हणून तीही धरली गेली.) १९७०मध्ये बंद केलेली आठ लहान स्टेशनं १९८६मध्ये पुन्हा उघडली, उतारू वाढले. ११ एप्रिल १९८९ला सरकारने मार्ग बंद करायला नकार दिला. पुढे पुलाची दुरुस्ती झाली, तीही सांगितलेल्या अंदाजापेक्षा पुष्कळ कमी खर्चात.

आता थांब्यांची मागणी. हो, मागतात. नुसतं ‘काय हवं?’ विचारलं तर कुणीही थांबाच मागेल. पण प्रश्न विचारायची ही पद्धतच चुकीची आहे. एकेरी मार्गावर एक थांबा वाढला की दोन-तीन मिनिटं जातात, क्रॉसिंगला समोरची गाडी खोळंबते आणि तिची पुढची जोडगाडी चुकते. हा वेळापत्रकाचा तक्ता लोकांसमोर पसरा आणि मग विचारा: थांबा हवा की पुढची बस मिळायला हवी? बऱ्याच देशांत लहान स्टेशनांवर गाडी फक्त प्रवाशाने बटण दाबलं किंवा हात दाखवला तरच थांबते. असे मधले रस्ते चर्चेतच सापडतात.

स्वित्झर्लंडचं उदाहरण मला यासाठीच आवडतं. तिथे आधी नवे वेगवान मार्ग बांधायचा बेत होता. ते मार्ग ज्यांना वळसा घालून जाणार होते, त्या भागांनी विरोध केला. मग तज्ज्ञांनीच दुसरा आराखडा केला, ‘बान २०००’. गाड्या शक्य तितक्या नव्हे, तर गरजेपुरत्या वेगवान करायच्या आणि मोठ्या स्टेशनांवर त्यांच्या वेळा अशा जुळवायच्या, की एकीतून उतरून दुसरीत बसता यावं. ६ डिसेंबर १९८७च्या सार्वमतात तो मंजूर झाला, डिसेंबर २००४मध्ये नवं वेळापत्रक लागू झालं. विरोध झाला म्हणून आराखडा बिघडला नाही, सुधारला.

बस सोडा म्हणणाऱ्यांनी जपानमधल्या फुकुईकडे पाहावं. तिथल्या एका खासगी मार्गावर डिसेंबर २००० आणि जून २००१ असे सहा महिन्यांत दोनदा गाड्यांची समोरासमोर टक्कर झाली. वाहतूक थांबवण्याचा सरकारी आदेश आला आणि बदली बस सुरू झाल्या. रस्ते तुंबले, बस उशिरा येऊ लागल्या, मुलांना शाळेत सोडायला पालक गाड्या काढू लागले. रेल्वे नसली तर काय होतं, याचा हा फुकटचा प्रयोगच झाला. अखेर प्रांत, मार्गावरची गावं आणि रहिवासी यांनी मिळून नवी कंपनी उभी केली. ‘एचिझेन रेल्वे’ या नावाने २००३मध्ये गाड्या पुन्हा धावल्या. जर्मनीतला बोब्लिंगेन ते डेटेनहाउझेन हा १७ किलोमीटरचा मार्गही असाच. १९६६मध्ये प्रवासी गाड्या बंद, मग तीस वर्षं बस. दोन जिल्ह्यांनी तो ताब्यात घेऊन १९९६मध्ये सुरू केला. अंदाज रोज अडीच हजार प्रवाशांचा होता. तो लवकरच मागे पडला.

प्रत्येक ठिकाणी रेल्वेच हवी असं मात्र नाही. काही मार्गांना बसच योग्य. फक्त ते ठरवताना तिथे राहणारा माणूस खोलीत असावा.

कुंड्यांचं दुखणं मला मान्य आहे. गाडी वेळेवर येत नाही आणि स्टेशनची लोकसमिती भिंती रंगवते, याला आग सोमेश्वरी बंब रामेश्वरी म्हणतात. पगारी माणूस काढून त्याचं काम स्वयंसेवकांच्या गळ्यात मारणं तर सरळ लबाडी. समिती शोभेची आहे की कामाची, हे ओळखायला मी तीन गोष्टी बघतो. तिला प्रवाशांचे आकडे मिळतात का, वेळापत्रक पक्कं होण्याआधी विचारतात का, आणि खर्चायला तिच्या हाती थोडा तरी पैसा आहे का. तिन्हींना ‘नाही’ असेल तर कुंड्यांनाही पाणी घालू नका.

राहिलं पाचवं वाक्य, सगळ्यात बोचरं. जपानचाच सान्को मार्ग, १०८ किलोमीटरचा, मार्च २०१८मध्ये बंद झाला. शेवटच्या दिवसांत गाड्यांना जी गर्दी लोटली, ती आधीच्या वर्षांत असती तर निरोपाची वेळच आली नसती. पण त्याच देशात वाकायामाजवळचा किशिगावा मार्ग आहे. जुन्या कंपनीने तो सोडायचं ठरवल्यावर रहिवाशांनी संघटना काढली, वर्गणी भरली आणि ‘बसा म्हणजे टिकेल’ असा एकमेकांमागे धोशा लावला. २००६मध्ये नवी कंपनी आली. पुढच्या वर्षी तिथे तामा नावाची मांजर स्टेशनमास्तर झाली आणि जगभर गाजली. वर्गणी भरणाऱ्यांचं नाव कुठेच झालं नाही. मार्ग अजूनही सरकारी मदतीशिवाय चालत नाही, पण चालतो.

आणि इंग्लंडमधलं ओकहॅम्पटन. १९७२मध्ये तिथली नियमित गाडी बंद झाली. १९९७पासून कौंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, मदतीने उन्हाळ्यातल्या रविवारी तेवढी गाडी येऊ लागली, आणि लोक तिच्यात बसत राहिले. २० नोव्हेंबर २०२१ला रोजची गाडी परत आली. पहिल्या वर्षात तिच्यातून अडीच लाखांहून जास्त प्रवास झाले.