‘पास झालात, आता पुस्तकं बांधून ठेवा’ म्हणे!

ॲक्चुअरींच्या, म्हणजे विम्याच्या जोखमीचं आणि हप्त्यांचं गणित मांडणाऱ्यांच्या, ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. कोणी शेवटचा पेपर काढला की अभिनंदनाच्या पाठोपाठ तो येतोच. मजकूर साधारण असा: ‘पास झालात, आता पुस्तकं बांधून ठेवा. एक, गणित बदलत नाही. दोन, बाकीचं अनुभवाने येतं. तीन, नियमांच्या बातम्या वाचायला कंप्लायन्सची माणसं आहेत. चार, मॉडेल आता मशीन बांधतं. पाच, सीपीडी म्हणजे तासांची हजेरी.’

मेसेज खुसखुशीत आहे, आणि पाचवा मुद्दा (सीपीडी म्हणजे पास झाल्यावरही करत राहायचं सक्तीचं शिक्षण) बराचसा खराही आहे. खऱ्याच्या आडून बाकीचे चार खपून जातात, म्हणून एकेक घेतो.

‘गणित बदलत नाही.’ कबूल. धूमकेतूवाल्या हॅलीने १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ शहरातल्या जन्ममृत्यूच्या नोंदींवरून तक्ता मांडला आणि वर्षासनाची (हयातीभर दरवर्षी मिळणाऱ्या रकमेची) किंमत कशी काढायची ते दाखवलं. आपण आजही मुळात तेच करतो. वय वाढतं तसा मृत्यूचा धोका चक्रवाढीने वाढतो, हे ब्रिटिश गणिती गॉम्पर्ट्झने १८२५ मध्ये सांगितलं. प्रौढ वयांना ते अजून चांगलं बसतं. पण आपल्याला पगार सूत्राचा मिळत नाही, सूत्रात घातलेल्या आकड्याचा मिळतो. आणि आकडा शिळा होतो.

अमेरिकेतल्या दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्याचं उदाहरण घ्या. म्हातारपणी अंघोळ, कपडे, उठणंबसणं स्वतःचं स्वतःला जमेनासं झालं की मदतनिसाचा किंवा शुश्रूषागृहाचा खर्च देणारी ही पॉलिसी. विक्रीला आली तेव्हा कोणाकडेच या धंद्याचा अनुभव नव्हता, म्हणून किती लोक पॉलिसी मध्येच सोडतील याचा (म्हणजे लॅप्स दराचा) अंदाज दुसऱ्या विम्यांवरून उसना घेतला. इथे सोडून जाणारा माणूस कंपनीच्या फायद्याचा असतो: तरुणपणीचे हप्ते भरून जातो आणि म्हातारपणी काही मागत नाही. लोकांनी मात्र या पॉलिसी घट्ट धरून ठेवल्या.

हिशेबापुरते आकडे घेऊ. १,००० पॉलिसी, मृत्यू तूर्त बाजूला. दर वर्षी ५ टक्के लोक सोडतील असं धरलं तर २० वर्षांनी ३५८ उरतात. प्रत्यक्षात १ टक्काच सोडून गेले तर ८१८ उरतात. म्हणजे जिथे एका दारावर खर्च घेऊन जायचं होतं तिथे दोनाहून जास्त दारं. शिवाय व्याजदर उतरले, म्हणजे साठवलेल्या हप्त्यांवरची कमाईही घटली. हा विमा विकणारी पेन ट्रीटी ही कंपनी २०१७ मध्ये अवसायनात गेली. जनरल इलेक्ट्रिकला जानेवारी २०१८ मध्ये, जुन्या आणि कधीच बंद केलेल्या या व्यवसायापायी, ६.२ अब्ज डॉलरचा करोत्तर फटका जाहीर करावा लागला आणि पुढच्या सात वर्षांत सुमारे १५ अब्ज डॉलर राखीव निधीत घालायचे ठरले. यात ०.९५ चा विसावा घात काढायला कोणी चुकलं नव्हतं.

‘बाकीचं अनुभवाने येतं.’ हा मुद्दा मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो, कारण तो शहाणपणाचा वाटतो.

जनरल इन्शुरन्समधला माणूस दर तिमाहीला क्लेमचा त्रिकोण मांडतो: कोणत्या वर्षीच्या अपघातांचे किती महिन्यांत किती पैसे दिले, याचा तक्ता. त्यावरून अजून किती द्यावे लागतील ते काढतो. समजा, अपघाताच्या वर्षाचे पहिल्या १२ महिन्यांत १०० दिले जातात, २४ महिन्यांअखेर एकूण २००, आणि तिथे विषय संपतो. गुणक २. सलग आठ वर्षं हेच. नवव्या वर्षी क्लेम विभागात नवी प्रणाली येते आणि तेच क्लेम लवकर निकाली निघतात. १२ महिन्यांना आकडा दिसतो १३०. चेन लॅडर, म्हणजे जुना गुणक पुढे लावायची रीत, म्हणते, एकूण २६०. खरं उत्तर अजून २०० च आहे. लागणार होते ७०, आपण बाजूला काढले १३०. पुढच्या वर्षीचा दर त्यावरून चढा लावला की चांगले ग्राहक शेजारच्या कंपनीकडे.

आता उलटं करा. कोर्टं बंद, गॅरेजं बंद, फायली पडून. १२ महिन्यांना दिसतात ७०. चेन लॅडर म्हणते १४०, म्हणजे आणखी ७० पुरतील. लागणार असतात १३०. पहिल्यात तिजोरीत पैसा पडून राहतो, दुसऱ्यात तिजोरीला भोक पडतं. आणि २०२० मध्ये कित्येक त्रिकोणांत ही गडबड एकदम झाली: निकाल लांबले, आणि रस्त्यावर गाड्याच कमी असल्याने अपघातही कमी. शेवटच्या तिरक्या ओळीतला (म्हणजे सगळ्यांत ताजा) कमी आकडा यांतल्या कशामुळे, हे त्रिकोण सांगत नाही.

यात अनुभवी माणूसच आधी फसतो. आठ वेळा २ पाहिलेला माणूस नवव्यांदाही २ च लिहितो. नवशिका निदान कोणालातरी विचारतो. मी स्वतः एका तिमाहीत दिलेल्या क्लेमचा आकडा फुगलेला पाहून दोन दिवस डेटात चूक शोधत बसलो होतो. तिसऱ्या दिवशी क्लेम विभागातल्या बाईंनी एका वाक्यात सांगितलं, ‘अहो, आम्ही तुंबलेल्या फायली काढल्या.’ बस. तोपर्यंत माझं अनुभवाचं सगळं भांडवल चुकीच्या जागी खणत होतं.

यावर उपाय जुनेच आहेत. निकालाचा वेग किंवा राखीव रकमेची पातळी बदलली तर त्रिकोण कसा दुरुस्त करायचा, ते बर्क्विस्ट आणि शर्मन यांनी १९७७ मध्ये मांडलं. बॉर्नह्युटर-फर्ग्युसनची रीत १९७२ ची. त्यात अजून न आलेल्या क्लेमचा अंदाज आधीच्या अपेक्षेवरून येतो, म्हणून पहिल्या बारा महिन्यांतल्या उड्या इतक्या फुगत नाहीत. परीक्षेला दोन्ही असतात. कुठली कधी काढायची, हे मात्र पेपरात प्रश्नच सांगून टाकतो आणि नोकरीत कोणी सांगत नाही.

लाइफवाल्यांनी हसू नये. ब्रिटनमध्ये मृत्युदरातल्या सुधारणेचं सीएमआयचं (मृत्युदराचा अभ्यास करणाऱ्या तिथल्या संस्थेचं) मॉडेल दरवर्षी नव्याने येतं. २०११ च्या सुमारास सुधारणेचा वेग मंदावला. आधीच्या दशकाचा चढ तसाच पुढे ओढणाऱ्यांचे आयुर्मानाचे अंदाज फुगले. मग कोविडची साथ आली. २०२० च्या आवृत्तीत त्या वर्षाच्या आकडेवारीला वजन दिलं शून्य. कारण सरळ आहे: एका वर्षाच्या साथीवरून पुढच्या चाळीस वर्षांचा कल काढायचा नाही. पण शून्य किती वर्षं ठेवायचं? साथीचे मागे राहिलेले परिणाम कधीपासून ‘नेहमीचे’ मानायचे? एका माणसाच्या आयुष्यात असा प्रसंग एकदाच येतो, तेव्हा याचा अनुभव आणणार कुठून? दुसऱ्यांनी काय ठरवलं आणि का, ते वाचावंच लागतं.

‘नियमांच्या बातम्या कंप्लायन्सचं काम.’ कंप्लायन्स सांगेल नियम काय आहे. त्याने आकड्याचं काय होतं, ते आपणच सांगायचं.

युरोपीय न्यायालयाने १ मार्च २०११ ला टेस्ट-आशा खटल्यात निकाल दिला: २१ डिसेंबर २०१२ पासून नव्या करारांत स्त्री-पुरुष भेदावर हप्ता वेगळा लावता येणार नाही. बातमी दोन ओळींची. आता समजा पुरुषाचा अपेक्षित खर्च १५०, बाईचा ९०, आणि आपल्याकडे दोघं निम्मे-निम्मे. समान हप्ता १२०. पण १२० हा पुरुषाला स्वस्त आहे आणि बाईला महाग. मग पुरुष जास्त येतात, बायका विचार करतात, प्रमाण ७०:३० होतं, आणि सरासरी खर्च १३२ वर जातो. म्हणजे निकालाच्या दिवशी एक नवंच गृहीतक जन्माला आलं, आपल्या दारात कोण किती प्रमाणात येणार याचं. आधी त्याची गरजच नव्हती. प्रत्येकाला त्याचा दर होता. हे वाक्य कुठल्याही कंप्लायन्सच्या टिपणात नसतं. आयएफआरएस १७ या विम्याच्या आंतरराष्ट्रीय हिशेब-नियमाचंही तेच. १ जानेवारी २०२३ पासून तो लागू झाला, आणि नफा केव्हा दाखवायचा याचं उत्तर आपल्या गृहीतकांना बांधलं गेलं. नियम हिशेबवाल्यांचा, प्रश्न आपल्याकडे.

‘मॉडेल आता मशीन बांधतं.’ बांधतं, आणि छान बांधतं. मी रोज त्याच्याकडून कोड लिहून घेतो. परवा त्याने मोटार विम्याच्या डेटात वर्षाच्या मधेच रद्द झालेल्या पॉलिसी पूर्ण वर्षाच्या धरल्या. कोड नीट चालला, आलेख देखणा आला, आणि क्लेमची वारंवारिता खोटीच उतरली. एरर आली नाही. छेदात काय असायला हवं हे माहीत असणाऱ्यालाच ही चूक दिसणार.

मॉडेल बांधणं ही आपल्या धंद्याची अडचण तशीही कधी नव्हती. नेल्डर आणि वेडरबर्न यांनी जीएलएम, म्हणजे अनेक घटकांवरून एक आकडा सांगणारं संख्याशास्त्रीय मॉडेल, १९७२ मध्ये मांडलं. आता ते चुटकीसरशी बसवता येतं. अडचण पुढे आहे. जो घटक वापरायला बंदी आहे, त्याच्या जागी दुसरे चार घटक मिळून तेच सांगू लागले तर? पत्ता, पेशा, खरेदीची सवय, एकेकटं निरुपद्रवी. कोलोरॅडो राज्याने २०२१ मध्ये बाहेरचा डेटा आणि अल्गोरिदम यांतून होणाऱ्या अन्याय्य भेदभावावर कायदा केला. युरोपीय संघाच्या २०२४ च्या एआय कायद्यात जीवन आणि आरोग्य विम्यातलं व्यक्तींचं जोखीम-मापन आणि दरनिश्चिती ‘उच्च जोखमी’च्या यादीत आहे. मशीन जितकं चांगलं शोधेल तितके असे छुपे घटक जास्त सापडतील, म्हणजे काम वाढलंच. शिवाय अमेरिकेत परीक्षांमध्येच २०१८ च्या सुमारास प्रेडिक्टिव्ह ॲनालिटिक्स (डेटावरून पुढचं भाकीत करणं) आलं. त्याआधी पास झालेल्यांच्या ‘बांधून ठेवलेल्या’ पुस्तकांत ते नाही.

राहिला पाचवा. ‘सीपीडी म्हणजे तासांची हजेरी.’

इथे मी मेसेज लिहिणाऱ्याच्या बाजूला जाऊन बसतो. अमेरिकेतल्या पात्रता मानकांत अधिकृत व्यावसायिक मत देणाऱ्या ॲक्चुअरीला वर्षाला ३० तास लागतात. त्यांत किमान ६ सामूहिक कार्यक्रमांचे, ३ व्यावसायिक आचाराचे, १ पूर्वग्रहाच्या विषयांचा. आकडा आला की आकडा भरण्याची कला येते, आणि आकडे भरण्यात आपला हात कोण धरणार! मीही एका खिडकीत वेबिनार चालू ठेवून दुसऱ्या खिडकीत बोर्डाच्या स्लाइड सुधारल्या आहेत. तास मिळाला, डोक्यात काही गेलं नाही. ब्रिटनच्या ॲक्चुअरी संस्थेने २०२० पासून भर तासांवरून काढून ‘काय शिकलात आणि त्याने कामात काय बदललं’ या चर्चेकडे नेला. तीही पाठ करून देता येईल, पण वेबिनार लावून झोपण्यापेक्षा अवघड आहे.

फक्त ही हजेरी आपल्या गळ्यात कशामुळे आवळली गेली तेही मेसेजमध्ये टाका. ब्रिटनच्या इक्विटेबल लाइफ या विमा कंपनीने आपल्या कित्येक पॉलिसींत वर्षासनाच्या दराची हमी दिली होती. व्याजदर चढे असताना ती हमी फुकटची वाटायची, म्हणून तिची वेगळी किंमत कोणी मोजली नाही. व्याज उतरलं, माणसं जास्त जगू लागली, हमी अंगावर आली. जुलै २००० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सचा (तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा) निकाल कंपनीच्या विरुद्ध गेला आणि डिसेंबरमध्ये कंपनीने नवा व्यवसाय बंद केला. त्यानंतर ब्रिटनच्या सरकारने ॲक्चुअरी व्यवसायाचीच मॉरिस चौकशी लावली. तिचा अहवाल २००५ मध्ये आला, आणि पुढच्याच वर्षी ॲक्चुअरींची तांत्रिक मानकं ठरवण्याचं काम व्यवसायाबाहेरच्या मंडळाकडे गेलं. ‘ॲक्चुअरी’ हे पद पहिल्यांदा ज्या संस्थेत आलं असं सांगतात, ती ही इक्विटेबलच.

तासांना माझ्याकडे पर्याय नाही. एक वही आहे. प्रत्येक गृहीतकाला एक ओळ, चार रकाने: काय धरलं, कधी धरलं, कशावरून, आणि कोणती बातमी आली तर बदलेन. चौथा रकाना भरता आला नाही की समजतो, तो आकडा मी निवडलेला नाही, गेल्या वर्षीच्या फाइलमधून उचललाय. या वर्षी वही उघडली तेव्हा एकोणीस ओळींपैकी सात ओळींत चौथा रकाना कोरा होता. त्यांतली पहिली लॅप्स दराची.